संध्याकाळचा आकडा

चिकूच्या वाडीत वाढलेल्या मुलीला मधुमेह व्हावा, यात कुणाला गंमत वाटत असेल तर वाटो, मला ती कधी वाटली नाही. डहाणूपासून आशागडपर्यंतच्या आमच्या समस्त नातेवाइकांना मात्र वाटायची. लग्नात, बारशात, बाजारात कुणीही भेटलं की पहिलं वाक्य ठरलेलं असे, "चिकू जास्त खाल्लेस वाटतं!" आणि मग स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसणं. माझा मधुमेह चिकूने झालेला नव्हता. शरीरात इन्सुलिन तयार होणंच बंद पडतं, तो लहान वयात होणारा प्रकार, त्यात खाण्यापिण्याचा काही दोष नाही, हे डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं आणि मी ते पुढे लोकांना समजावून थकले होते. तो कसा कळला, दवाखान्यात किती दिवस काढले, हे सगळं मी इथे सांगत बसणार नाही. आजारपणाच्या गोष्टी सांगणाऱ्यालाच जास्त आवडतात. मला सांगायचं आहे ते दहावीच्या परीक्षेनंतरच्या एका उन्हाळ्याबद्दल. त्या उन्हाळ्यात माझ्या घरातल्या प्रत्येक माणसाने मला चोर ठरवलं, आणि तेही माझ्यावरच्या मायेपोटी, म्हणून तर त्यांच्याशी धड भांडताही येत नव्हतं.

आमचं घर वाडीतच होतं. बाजाराला जाणारे चिकू कच्चेच उतरवतात, करंड्यांत भरून पाठवतात. झाडावरच पिकून मऊ पडलेला माल व्यापारी हातात धरत नाही. तो माल आईच्या वाट्याला यायचा. मागच्या पडवीत चटया पसरून आई, मी आणि पाड्यावरच्या बायका सकाळपासून बसायचो. चिकू सोलायचे, बिया काढायच्या, फोडी करायच्या आणि गच्चीवर उन्हात वाळत घालायच्या. चांगल्या कडक वाळल्या की त्या डब्यांतून, पिशव्यांतून कुठे कुठे जात. हा सगळा कारभार आईचा, आणि तिला त्याचा अभिमान होता. बाबा वाडीचे मालक असतील, पण पडवीत पाऊल टाकताना ते चपला बाहेर काढून विचारून येत. कोपऱ्यात रेडिओ लावलेला असे. आमच्याकडे गुजराती केंद्रच तेवढं खरखर न होता लागायचं, त्यामुळे सुरतेचे भाजीचे भाव आम्हाला पाठ असत. सुऱ्यांचा सर्र सर्र आवाज, मध्येच जानकीबायचं खोकल्यासारखं हसणं, गच्चीवरून कावळ्यांना हाकलायला ठेवलेल्या पत्र्याची खडखड. जानकीबाय ही त्या बायकांची म्होरकी, आईच्याच वयाची, आणि आईला तोंडावर बोलू शकणारी घरातली एकमेव व्यक्ती. मधोमध पाण्याची बादली असायची. विहीर लांब, त्यामुळे ती सकाळी एकदा भरायची. हात फार चिकट झाले की त्यात बुचकळायचे, सुरी बुचकळायची, पदराला पुसायची आणि पुढचा चिकू घ्यायचा. दुपारपर्यंत घरातलं सगळंच चिकट होऊन जाई. दाराची कडी, पाण्याचा तांब्या, आईच्या चष्म्याची काडी. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. मासळीवाल्यांच्या घराला मासळीचा वास येतो हे त्यांना कुठे माहीत असतं.

त्या तपकिरी गोड ढिगात मी दिवसभर बसायचे आणि एक फोडही तोंडात टाकायचे नाही. हे आज सांगितलं तरी लोक भुवया उंचावतात. खरं सांगायचं तर मला चिकू आवडायचाच नाही. ज्याने लहानपणापासून तो नाकातोंडात वास जाईपर्यंत सोलला आहे, त्याला तो काय आवडणार. माझा जीव होता तांदळाच्या भाकरीवर आणि सुक्या बोंबलाच्या कालवणावर. बोंबील पोटभर चालत, पण भाकरी मोजून, आणि भात माझ्या वेगळ्या छोट्या वाटीने. ती वाटी आईने कुठून तरी शोधून काढली होती, आणि ती भरताना भाताचं टोक वर राहिलं की उलथन्याने सपाट करायची. सकाळी न्याहारीआधी आणि रात्री जेवणाआधी सुई. दोन बाटल्या फ्रीजच्या दारात लिंबांशेजारी ठेवलेल्या, एक पाण्यासारखी स्वच्छ, एक दुधट. दोन्ही एकाच सिरिंजमध्ये ठरल्या क्रमाने ओढायच्या, हवेचा बुडबुडा टिचकीने वर घालवायचा, आणि पोटाला किंवा मांडीला टोचायचं. हे सगळं मी माझं मी करत होते. टोचताना आई दुसऱ्या खोलीत जाऊन उभी राहायची. टोचून झालं की बाहेर येऊन विचारायची, "घेतलीस ना नक्की?" जणू मी औषध घेण्याऐवजी खिडकीबाहेर उडवत होते.

आज माझ्या दंडाला एक नाण्याएवढी चकती चिकटवलेली असते आणि मोबाईल काढला की साखर किती, वर चालली की खाली, सगळं बाणासकट दिसतं. माझी भाची परवा म्हणाली, "मावशी, किती मस्त ना, गेमसारखं आहे." मी मोबाईल पर्समध्ये टाकला.

तेव्हा घरात साखर मोजायचं यंत्र असणं हीच अपूर्वाई होती. आमच्याकडे ते आलं आत्यामुळे. आत्या तलासरीला शाळेत शिक्षिका, तिचे यजमान सरकारी नोकरीत, आणि त्यामुळे आमच्या घरात तिच्या शब्दाला शिक्का मारलेल्या कागदाची किंमत होती. यजमानांच्या ऑफिसातल्या कुणाकडून तरी तिने ते मुंबईहून आणवलं. एका रविवारी ती पिशवीतून ते काढून ओट्यावर ठेवत म्हणाली, "दादा, आता अंदाजपंचे बंद. बोटाला टोचायचं, थेंब लावायचा, आकडा समोर. यंत्र काही कुणाची भीड ठेवत नाही." पट्ट्या सहज मिळत नसत, जपून वापरायच्या. त्यामुळे ठरलं, सकाळी उपाशीपोटी एकदा आणि संध्याकाळी काम आटोपताना एकदा. मी सगळ्यात जास्त खूश होते. कारण त्याच सुमाराला मी बाबांकडे एक मागणी केली होती आणि ते यंत्र मला माझ्या बाजूचं वाटलं होतं.

मला अकरावीला पुण्याला जायचं होतं. हॉस्टेलवर राहून, सायन्सला. डहाणूत कॉलेज नव्हतं असं नाही, बाबांनी ते लगेच सांगितलंच, "इथे आहे की. सकाळी जायचं, दुपारी घरी." पण मला तेच नको होतं. जिथे माझी वाटी वेगळी आहे हे कुणाला ठाऊक नसेल, जिथे मी सुई घेतल्यावर कुणी "घेतलीस ना नक्की?" विचारणार नाही, अशा कुठल्याही गावाला जायला मी तयार होते. हे अर्थातच बोलून दाखवलं नाही. बोलले ते अभ्यासाबद्दल. बाबा कमी बोलणारे. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि अट घातली, "उन्हाळाभर साखर ताब्यात ठेवून दाखव. सकाळी आणि संध्याकाळी. जमलं तर पाठवतो." माझ्या पथ्यपाण्यावर माझा एवढा भरवसा होता की मी त्याच क्षणी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

सकाळचा आकडा उत्तम येई. शंभराच्या आसपास, कधी थोडा वर. आई तो मोठ्याने वाचून दाखवायची आणि बाबा चहा पिता पिता मान हलवायचे. आणि संध्याकाळी, पडवीतलं काम आवरत आलं की, त्याच यंत्रावर तीनशे. कधी त्याच्याही वर. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, पट्टी खराब असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडा झाला तरी तेच. सकाळी शहाणी, संध्याकाळी वाया गेलेली. कुणी काही म्हणत नव्हतं, पण मी चिकूच्या ढिगाकडे हात केला की सगळ्या बायकांच्या सुऱ्या थांबायच्या.

एका संध्याकाळी आईने मला कडेला घेतलं आणि म्हणाली, "तोंड उघड." मला कळेना. तिने माझ्या तोंडाचा वास घेतला. मी दहावी झालेली घोडी, आणि आई माझ्या तोंडाचा वास घेत होती. "मी काही खाल्लेलं नाही," मी म्हटलं. "मी कुठे म्हणते खाल्लंस म्हणून," ती म्हणाली, आणि दोन्ही गालांवरून बोटं फिरवून पुन्हा वास घेतला. वास येणारच होता. वास तिच्या बोटांनाच होता. पण हे मला आता सुचतं. तेव्हा फक्त संताप आला आणि रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आईची खात्री पटली. त्यानंतर माझ्या कपाटाची झडती झाली. उशीखाली बघून झालं. वाळलेल्या फोडींचे डबे माझ्या हाताला येणार नाहीत अशा उंचीवर गेले. बाबा मला समोर बसवून शांतपणे म्हणाले, "वैशू, एखाद्या वेळी मोह होतो. सांगून टाक, मी रागावणार नाही." याच्याएवढा राग मला आयुष्यात कशाचा आला नसेल. ओरडले असते तर मीही ओरडले असते. पण न केलेल्या गोष्टीबद्दल माफी आधीच देऊन ठेवलेल्या माणसाशी कसं भांडायचं? मी म्हटलं, "मी खाल्लेलं नाही." ते म्हणाले, "बरं." त्या 'बरं'चा अर्थ घरातल्या मांजरालाही कळला असता.

मग आत्याने उपाय काढला. "आठ दिवस माझ्याकडे पाठवा. माझ्या नजरेखाली राहू दे, बघू काय होतं." मी यंत्रासकट तलासरीला गेले. आत्याच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या, शेजारी सगळे नोकरदार, दुपारभर पंखा आणि वर्तमानपत्रं. मला काही काम नव्हतं. आत्याच्या देखत जेवायचं, आत्याच्या देखत झोपायचं, संध्याकाळी आत्याच्या देखत बोटाला टोचायचं. आणि आकडा? एकशेवीस. एकशेदहा. परत एकशेवीस. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. मला वाटलं, सुटले. आत्याने तिसऱ्याच दिवशी फोन लावला, आणि मी शेजारीच उभी असताना बोलली, "दादा, माझ्याकडे अगदी बरोबर येतंय हो. लक्ष ठेवलं की झालं. तिकडे तुम्ही सगळे कामात असता, तिला रान मोकळं मिळतं." मी म्हटलं, "आत्या, अगं, मी तिथेही असंच जेवते, अगदी असंच." आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "असू दे. या वयात होतं असं. जीभ ऐकत नाही." चांगला आकडा आला तरी मीच खोटी, वाईट आला तरी मीच खोटी. त्या यंत्राने माझ्या विरुद्ध अशी साक्ष दिली होती की तिला कुठून तोडायची तेच कळेना.

घरी परत आले, पडवीत बसले, आणि त्याच संध्याकाळी तीनशेवीस. आता तर पुरावाच झाला. बाबा मला डहाणूला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर चांगले होते, म्हातारे होते, आणि घाईत होते. त्यांनी सकाळचे आकडे बघितले, संध्याकाळचे बघितले, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "बाळ, चिकूची वाडी आहे ना तुमची?" ते म्हणाले, आणि बाबा ओशाळं हसले. मला त्यांनी डोळे, मूत्रपिंडं, पायाच्या जखमा अशी सगळी भीती घातली, आणि सकाळचा डोस थोडा वाढवला. आठवड्याने पुन्हा गेलो तेव्हा आणखी थोडा. वर बाबांना सांगून ठेवलं की संध्याकाळी तीनशेच्या वर गेली तर स्वच्छ औषधाचे थोडे युनिट जादा द्यायला हरकत नाही.

आणि मग दुपारनंतर मला काहीतरी व्हायला लागलं. चार वाजायच्या सुमाराला ओठांना मुंग्या यायच्या, हाताला कंप सुटायचा, घाम फुटायचा, पण गार. भूक अशी लागायची की समोरचा सुपारीचा अडकित्ताही खावासा वाटे. साखर कमी झाली की असं होतं, हे मला दवाखान्यात शिकवलं होतं. मी आईला सांगितलं, "मला कमी होतंय." आई म्हणाली, "कमी? काल संध्याकाळी तीनशे होती तुला." "पण मला कळतंय ना." "तुला गोड हवंय ते कळतंय मला," ती म्हणाली. ती दुष्ट नव्हती. हे लिहिताना मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, की ती माझे डोळे वाचवत होती, माझी मूत्रपिंडं वाचवत होती. तिच्यापुढे यंत्र होतं, डॉक्टर होते, शिकलेली नणंद होती, आणि दुसऱ्या बाजूला एकटी मी होते. तिच्या जागी असते तर मीही कदाचित यंत्राचंच ऐकलं असतं. पण मी तिच्या जागी नव्हते. मी माझ्या जागी होते आणि माझे हात थरथरत होते.

ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या दिवशी माल खूप होता. बाबासुद्धा पडवीत येऊन चिकू निवडत बसले होते, आणि निवडता निवडता चवही बघत होते. ऊन उतरायला लागलं तसं मला एकदम सगळे आवाज लांबून यायला लागले. रेडिओ विहिरीपलीकडे कुठेतरी लागला आहे असं वाटलं. हातातली सुरी दोनदा सुटली. जानकीबाय म्हणाली, "बाय, पोर पांढरी पडलीय बघ." मी म्हटलं, "आई, साखर दे. आत्ता दे." आई उठली, पण डब्याकडे गेली नाही, यंत्राकडे गेली. "आधी बघू. हात धू." मी बादलीत हात बुचकळले, टॉवेलाला पुसले, आईने बोटाला स्पिरिटचा कापूस लावला, टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. ते जुनं यंत्र आकडा दाखवायला फार वेळ घ्यायचं. आकडा आला तो साडेतीनशेच्या वर.

"बघितलंत?" आई बाबांना म्हणाली. तिचा आवाज रागाने नाही, हताशपणाने फुटला होता. "एवढी अंगात भरलीय आणि वर साखर मागते. अहो, ते औषध आणा. भरा सुई." बाबा आत गेले आणि फ्रीजमधली स्वच्छ बाटली घेऊन आले. मी बघत होते. त्यांनी सिरिंज भरली, उजेडात धरून टिचकी मारली. त्यांचं सगळं बरोबर चाललं होतं, डॉक्टरांनी शिकवलं होतं अगदी तसं. आणि मला, त्या गार घामातसुद्धा, एवढं लख्ख कळत होतं की ही सुई लागली तर मी संपले. मी चटईवरून मागे सरकले, भिंतीला टेकले आणि ओरडले, "नका देऊ! मशीन खोटं बोलतंय!"

"मशीन खोटं बोलतंय?" आई म्हणाली. "जगातलं सगळं खोटं आणि तू एकटी खरी? थांब. माझंच बघते." आणि तिने ताडकन स्वतःच्या बोटाला टोचून घेतलं. रागात जरा जोरातच टोचलं असणार, थेंब मोठा आला. आम्ही सगळे त्या इवल्याशा काचेकडे बघत होतो. आईला आयुष्यात मधुमेह नव्हता. आकडा आला दोनशेऐंशी.

मग जानकीबाय हळूच म्हणाली, "म्हंजे बाय, तुला पण?" आईचा चेहरा उतरला. "परत बघ," बाबा म्हणाले. "पट्ट्या कुठे आहेत एवढ्या," आई म्हणाली, पण बाबांनी तोवर बोट पुढे केलं होतं. त्यांचा आला आईच्याही वर. मग एकच गोंधळ. आपल्या सगळ्या घरालाच लागलं की काय, केव्हापासून असेल, तुमच्या काकांनाही होतं ना शेवटी, माझे पाय दुखतात ते यानेच असणार. जानकीबायने आपले दोन्ही हात पाठीमागे लपवले. आणि मी? त्या घरात कित्येक दिवसांनी पहिल्यांदा कुणीही माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं. मी ढिगातला एक चिकू ओढला आणि सालीसकट तोंडात कोंबला. मग दुसरा. बिया हातावर थुंकत होते की गिळत होते ते मला माहीत नाही. तिसरा हातात असतानाच मी आडवी झाले.

डोळे उघडले तेव्हा डोकं आईच्या मांडीवर होतं आणि ती माझे गाल थोपटत माझं नाव घेत होती. बाबा तसेच उभे होते. भरलेली सिरिंज अजून त्यांच्या हातात होती.

चिकूच्या करंड्या वाहणाऱ्या टेम्पोतूनच आम्ही तिघं डहाणूला गेलो. डॉक्टरांनी माझं आणि आईचं रक्त शिरेतून काढून शेजारच्या लॅबला पाठवलं. आईची साखर अगदी नॉर्मल. माझी, तेवढे चिकू पोटात गेल्यावरसुद्धा, जेमतेम वर आलेली. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग त्यांनी विचारलं, "टोचायच्या आधी हात धुता ना?"

"धुतो की," आई म्हणाली, जराशी दुखावून. "धुतल्याशिवाय मी देतच नाही टोचायला."

"कुठे धुता?"

"पडवीत. बादलीत."

"कसली बादली?"

आई सांगू लागली. सकाळी भरतो, मध्ये ठेवतो, सगळ्याजणी त्यातच... आणि सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. डॉक्टरांनी तिला बेसिनपाशी नेलं, साबण दिला, नळाखाली हात चोळून धुवायला लावले, आणि आमच्याच यंत्रावर तिचं बोट टोचलं. आकडा शंभराच्या आत आला. "बोटावरची साखर मोजत होतात तुम्ही," ते म्हणाले. "स्पिरिटने ती जात नाही." मग चष्मा काढून पुसायला लागले. तो पुसण्याइतका मळलेला नव्हता. डोस पुन्हा पहिल्यावर आला.

टेम्पोत मी दोघांच्या मध्ये बसले होते आणि वाट बघत होते. मला फक्त एक वाक्य हवं होतं, 'तू खोटं बोलत नव्हतीस.' आशागड आलं, मागे गेलं, कुणी काही बोललं नाही. रविवारी आत्या आली, सगळं ऐकून म्हणाली, "यंत्राच्या कागदावर लिहिलेलं असतं खरं, साबणाने हात धुवा म्हणून. इंग्रजीत असतं ना." बस, एवढंच. बाबा भेटेल त्याला सांगत होते, "काही नाही हो, हात धुवायचे राहिले होते." सबंध उन्हाळा माझ्या तोंडाचे वास घेतले, कपाटं उपसली, मला माफ्या देऊन झाल्या, आणि शेवटी कुणाचं काही चुकलंच नव्हतं, हात तेवढे धुवायचे राहिले होते! मला सगळं घर डोक्यावर घ्यावंसं वाटत होतं. पण मी गप्प राहिले, कारण आता संध्याकाळचे आकडे सकाळसारखे यायला लागले होते, आणि मला पुणं दिसत होतं.

रिझल्ट लागला. मार्क चांगले होते. रात्री जेवताना मी विषय काढला. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "पुण्याचं आता विसर."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पण साखर ताब्यात आहे. तुम्हीच म्हणालात. आणि ती उन्हाळाभर ताब्यातच होती, मी काही चोरून खात नव्हते!"

"साखरेचं नाही म्हणत मी. त्या दिवशी तू माझ्यासमोर पडलीस. डोळे फिरवलेस. तिथे हॉस्टेलवर असं झालं तर कोण आहे तुझं?"

मी ताट पुढे सरकवलं. मी चोर होते तेव्हा चोर म्हणून जायचं नाही, आणि चोर नाही हे सिद्ध झालं तर सिद्ध होताना पडले म्हणून जायचं नाही. मी खरी ठरले त्याचीच मला शिक्षा. मी हे सगळं बोलले, ओरडूनच बोलले, रडले, आणि बाबा खाली मान घालून जेवत राहिले. या माणसाला मी काय करून दाखवलं म्हणजे पटेल, हेच मला कळेना. त्यांची भीती खरी होती हे आज कळतं. तेव्हाही कळत होतं खरं तर, म्हणून तर जास्त चीड येत होती.

आई इतका वेळ चुलीपाशी पाठमोरी बसली होती. ती न वळताच म्हणाली, "जाऊ द्या तिला."

"तुला काय कळतंय?" बाबा म्हणाले.

"पोर उन्हाळाभर खरं सांगत होती, आपण ऐकलं नाही. आता जमेल म्हणते आहे. निदान हे तरी ऐका."

"आणि तिथे काही झालं तर?"

तेव्हा ती वळली. तिचे डोळे लाल होते, आणि ते काही धुराने झालेले नव्हते.

"तिथे झालं तर?" आई म्हणाली. "अहो, इथे झालं ना? आपल्या डोळ्यांदेखत. ती नको नको ओरडत होती, सुई तुमच्या हातात होती, आणि भरा म्हणून मी सांगितलं होतं."